तीन देश ओलांडून मुऱ्हाळी

आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीला सासरहून माहेरी आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ जातो, चुलता जातो, कधी नुसताच भरवशाचा माणूस जातो. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळा आठवीतच सोडून एका टेम्पोवर क्लीनर म्हणून लागलो होतो. घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एसटीनं जायचं, ताईच्या सासरी एक रात्र काढायची आणि सकाळी चहा झाला की तिच्या सासूबाईंसमोर उभं राहून म्हणायचं, "ताईला आठ दिवस पाठवता का?"

ताईला विचारायचं नसतं. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं असतं. ते हो म्हणाले की ताई पिशवी उचलायची. पिशवी आदल्या रात्रीच भरलेली असायची, पण ते कुणी दाखवायचं नाही. "आत्ता नको, पुढच्या वेळी बघू" असं आलं की मुऱ्हाळी एकटाच परत. एका श्रावणात मी तसा परतलो होतो. आई स्टँडवर येऊन उभी होती. मला एकट्याला उतरताना पाहून तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागली.

हे सगळं आता कुणाला सांगायचं? ताई साठी ओलांडून गेली, माझी पन्नाशी झाली. आईवडील गेले, गावचं घर विकून झालं. मी कॅनडात, टोरँटोच्या स्कारबरो भागात एका बेसमेंटमध्ये राहतो. बायको नर्सिंग होममध्ये कामाला लागली, तिच्या मागून मी आलो. इथे म्हाताऱ्या माणसांना डायलिसिसला नेऊन आणणारी व्हॅन चालवतो. आठवी शिकलेल्या माणसाला देवानं याहून जास्त काय द्यायचं? बर्फात गाडी चालू झाली तरी मी मनात हात जोडतो.

ताई आणि दाजी युरोपात गेले त्याला खूप वर्षं झाली. दाजी पिंपरीला टूलमेकर होते, तिथून कंपनीनं जर्मनीत आखेनला पाठवलं. राहायला मात्र ते सीमेपलीकडे हॉलंडच्या एका गावात गेले, कारण तिथे भाडं कमी होतं. कारखाना जर्मनीत, घर हॉलंडमध्ये, आणि रविवारी भाजी आणायला बेल्जियम. दाजी फोनवर म्हणायचे, "तुमच्याकडे तालुका बदलायला जितका वेळ लागतो ना, तेवढ्यात आमचे तीन देश होतात." मूलबाळ झालं नाही. दोघंच होते, दोघांचंच छान चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात दाजी आखेनच्या हॉस्पिटलमध्ये वारले. मला जाता आलं नाही. व्हिडिओवर पाहिलं. त्यांच्या अस्थी जर्मनीतच दफनभूमीत पुराव्या लागल्या, घरी नेता येत नाहीत म्हणे, तिथला कायदाच तसा आहे. ताईला ते फार लागलं होतं. फोनवर म्हणाली, "ह्यांना दुसऱ्या देशात ठेवून मी रोज रात्री इकडे झोपायला येते."

मग उन्हाळ्यात ती पडली. वरच्या फळीवरचा कुकर काढायला स्टुलावर चढली होती. उठताच येईना. गॅसवर दूध ठेवलं होतं ते करपलं, त्या वासानं शेजारची डच म्हातारी आली म्हणून ताई सापडली. मला हे तिनं पंधरा-वीस दिवसांनी सांगितलं, ते पण हसत. "दुधानं वाचवलं बघ. चहा कोरा पीत असते तर गेलेच होते."

मला हसू आलं नाही. त्यानंतर व्हॅनमध्ये कुठल्याही आजींना पट्टा लावताना मला करपलेल्या दुधाचा वास यायचा. बायकोला म्हटलं, ताईला आणतो. ती म्हणाली, "आणा की. आपल्याशिवाय आहे कोण त्यांना?" आम्ही मागची खोली रिकामी केली, रंग दिला, नवी गादी आणली. वॉशरूममध्ये धरायला दांडा मी स्वतः बसवला. मुलीनं ताईच्या कॅनडाच्या परवानगीचं फोनवरच करून टाकलं. ताईकडे तिथला पासपोर्ट होता, त्यामुळे अडचण आली नाही. दोघांची परतीची तिकिटं काढली. मग ताईला फोन केला.

ती म्हणाली, "बरं. ये."

दाजींच्या वर्षाची दिवाळी कुणीच केली नाही. दिवाळी उलटल्यावर नोव्हेंबरात मी निघालो.

ब्रसेल्सला विमानातून उतरलो, तेव्हापासूनच मला सीमांची भीती. मी सीमा ओलांडली आहे ती फक्त कॅनडा-अमेरिकेची, बफेलोला देवळात जाताना. तिथे खिडकीतला साहेब विचारतो, कुठे चाललात, का चाललात, गाडीत फळं आहेत का. उत्तर पाठ करून गेलो तरी माझ्या तोंडाला कोरड पडते. इथे तर दोन सीमा होत्या आणि तिन्ही भाषा येत नव्हत्या. मी लीएजची गाडी पकडली. मुलीनं फोनमध्ये तिकीट घालून दिलं होतं, ते उघडून हातात धरलं. दुसऱ्या हातात पासपोर्ट. टीसी आला, फोनला मशीन लावलं, "मेर्सी" म्हणाला आणि पुढे गेला. पासपोर्टकडे त्यानं पाहिलंच नाही. समोरची बाई सफरचंद खात होती. तिला वाटलं असेल, हा माणूस पासपोर्ट कुणाला विकतोय की काय.

लीएजला काचेचं एवढं मोठं स्टेशन. तिथे गाडी बदलली. पुढची गाडी छोटी, डोंगराच्या कडेकडेनं जाणारी, दोन-दोन घरांपाशी थांबणारी. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. म्हटलं सीमा आली की कळेल, काहीतरी असेल, फाटक, झेंडा, शिपाई. गाई आल्या. बोगदा आला. परत गाई आल्या. फोन वाजला तर त्यावर लिहून आलं होतं की जर्मनीत स्वागत आहे. पहिल्या गाई बेल्जियमच्या आणि दुसऱ्या जर्मनीच्या असणार, पण तोंडं सगळ्यांची सारखीच.

मी सुटकेचा निःश्वास टाकतो आहे तोच आखेनच्या जरा आधी डब्यात दोन पोलीस चढले. सगळ्यांत आधी माझ्याकडेच आले. मी पासपोर्ट दिला. त्यातली पोरगी, माझ्या मुलीएवढीच असेल, पानं उलटत इंग्रजीत म्हणाली, "कुठे चाललात?"

पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "बहिणीला न्यायला."

"कुठे न्यायला?"

"घरी."

तिनं पासपोर्ट मिटून परत दिला. "कॅनडा. तिथे तर खूप थंडी," म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे गेली. मी तिला तीन वेळा थँक्यू म्हणालो. ती वळून हसली.

आखेनच्या स्टेशनवर ताई उभी होती. राखाडी कोट, डोक्याला लोकरी टोपी, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं ते पिशवीवरून. अशी पिशवी खांद्याला न लावता मुठीत धरायची सवय आईची होती. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "अरे इथे नको, लोक उचलायला धावतील. त्यांना वाटेल पडला."

मी पोलिसांचं सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही. "मी इतकी वर्षं ये-जा करते, मला कुणी विचारत नाही. तुझा चेहराच तसा आहे बाळा. चोरी न करता पकडला गेल्यासारखा."

पुढे तिच्या गावाला जायला साधी सिटी बस. ताई माझ्या शेजारी खिडकीशी बसली, एसटीत बसायची तशी. मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "सीमा कुठे आहे?" शेवटी ती कंटाळली. "मागे गेली. त्या पेट्रोल पंपापाशी." मी वळून पाहिलं. तिथे नुसता एक बसथांबा होता, एक निळी पाटी होती, आणि डांबराचा रंग जरासा वेगळा.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना अरुंद आणि उभा. पहिल्याच संध्याकाळी मी तो जिना पाहून मनात म्हटलं, योग्य केलं आपण. घरात सगळं जागच्या जागी. दाजींची चष्म्याची केस टीव्हीशेजारी. दारामागे त्यांचा कोट.  तीन बॅगा आम्ही त्या आठवड्यात भरल्या. म्हणजे मी भरल्या. ताई एखादी वस्तू हातात घेऊन बसायची, मी म्हणायचो, "हे घ्यायचं का?" ती म्हणायची, "तुला वाटतं तर घे." मला वाटायचं, दमली असेल.

एक दिवसाआड ती सकाळी थर्मासमध्ये चहा भरायची आणि बसनं आखेनला जायची, दफनभूमीत. मीही दोनदा गेलो. मोठी झाडं, रेघेत लावलेल्या छोट्या फरश्या, काही फरश्यांवर लाल काचेचे दिवे. पाण्याच्या हिरव्या झाऱ्या एका खांबाला लटकवलेल्या. ताई एक झारी घेऊन दाजींच्या फरशीपुढच्या रोपाला पाणी घालायची, वाळलेली पानं उचलायची, मग बाकावर बसून चहा प्यायची. "घरी पहिला चहा, इथे दुसरा," म्हणाली. "ह्यांना दुसरा चहा लागायचाच. एकटीला घरी दुसरा प्यायला जमत नाही." जाताना ती फरशीकडे पाहून म्हणायची, "येते हं." मग परत बस, परत सीमा, परत तो जिना. मला वाटायचं, हे किती दिवस चालणार? बर्फ पडलं, पाय घसरला तर? व्हॅनमधल्या माझ्या आजी-आजोबांना मी हाताला धरून दारापर्यंत सोडतो. हिला कोण धरणार?

निघायच्या आदल्या दिवशी मी आखेनमध्ये भाड्याची गाडी घेतली. तीन बॅगा घेऊन बस, गाडी, परत गाडी हे जमलं नसतं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, कुठल्या कुठल्या देशांत जाणार? मी म्हटलं तिन्ही. त्यानं मान हलवली, जणू काही मी चहात साखर किती ते सांगत होतो. गाडी गिअरची होती. कॅनडात इतकी वर्षं ऑटोमॅटिक चालवून डावा पाय आळशी झाला आहे. पण क्लचवर पाय ठेवला आणि टेम्पोचे दिवस पायातून वर आले. पार्किंगमधून बाहेर पडताना एकदाच बंद पडली. मागच्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मी खिडकीतून हात काढून त्याला नमस्कार केला.

विमान दुपारचं असूनही मी ताईला सकाळी अंधारातच उठवलं. उशीर होईल ही धास्ती माझ्या रक्तातच आहे. बॅगा खाली नेल्या. शेजारची म्हातारी गाऊनवर कोट घालून दारात आली. ताईनं तिला किल्ली दिली, दोघी काहीतरी डचमध्ये बोलल्या. म्हातारीनं ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी गाडी चालू करून ठेवली होती.

गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, "जाताना ह्यांना सांगून जाऊ. वाटेतच आहे."

"हो हो. वेळ आहे."

सीमा परत मागे गेली. दफनभूमीचं फाटक नुकतंच उघडलं होतं. आत कुणी नव्हतं, लांब एक माणूस पाठीवरच्या मशीननं पानं उडवत होता. ताईनं त्या दिवशीही थर्मास आणला होता. रोपाला पाणी घातलं, फरशी हातरुमालानं पुसली, बाकावर बसली. मी फरशीपुढे उभा राहिलो. दाजी मोठ्या मनाचे होते. मी शाळा सोडली म्हणून त्यांच्या घरात कुणी मला कमी लेखू शकलं नाही, कारण ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "हा गाडीचा नुसता आवाज ऐकून सांगतो काय दुखतंय ते." माझं जे काही बरं झालं त्यात त्यांचा वाटा होता.  काहीतरी बोलावं असं वाटलं, आणि अशा जागी काय बोलतात ते मला माहीत नाही. ताईला न्यायला आलेला माणूस जे बोलतो तेवढंच मला येत होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "दाजी, ताईला आठ दिवस पाठवता का?"

मागे थर्मासचं झाकण फिरवायचा आवाज थांबला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. रीत म्हणून विचारलं."

"मग थांब की जरा. विचारलं तर उत्तर घेऊन जावं माणसानं."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. मीही हसलो आणि तिच्या शेजारी बसलो. तिनं मला झाकणात चहा दिला, स्वतः थर्मासमधूनच प्यायली. पानं उडवणाऱ्याचं मशीन बंद पडलं. एकदम शांत झालं. ताई फरशीकडे बघत होती. चहा संपला तरी उठेना.

"ताई, निघायचं ना?"

"सासूबाई तरी लगेच सांगून टाकायच्या," ती म्हणाली. "ह्यांना सगळ्याला वेळ लागायचा. बूट घालायला वेळ, हॉटेलात काय खायचं ते ठरवायला वेळ. वेटर दोनदा येऊन जायचा." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. तिनं ते पुसले नाहीत. "नाही म्हणतात रे."

"काय?"

"आत्ता नको म्हणतात. पुढच्या वेळी बघू."

मी उठून उभा राहिलो. मग परत बसलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही. जिन्याचं बोललो, कुकरचं बोललो, दूध रोज करपेलच असं नाही म्हणालो. ते बोलायला नको होतं. खोलीचं सांगितलं, रंग दिला आहे, खिडकीतून मॅपलचं झाड दिसतं. नवी गादी. वॉशरूममधला दांडा.

"सगळं केलंस," ती म्हणाली. "खोली रंगवलीस, तिकीट काढलंस, दांडासुद्धा बसवलास. मग मला फोन केलास. मला विचारलंस कधी?"

 खरंच, तिला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आणि विचारलं असतंस तरी मी काय म्हणणार होते? इतक्या लांबून आलास, पासपोर्ट छातीशी धरून आलास. सासरी मुऱ्हाळी आला की माझी पिशवी आधीच भरलेली असायची. तुला नाही म्हणायला मी शिकलेच नाही बाळा. आठ दिवस मी बघतेय, तू बॅगा भरतोयस आणि मला तोंड उघडता येत नाहीये." तिनं माझ्या हातातलं झाकण घेतलं, उपडं करून चहाचा थेंब झटकला. "बरं झालं ह्यांना विचारलंस."

"तिथे तुझं सगळं आम्ही करू, ताई."

"कराल. माहीत आहे मला. जन्मभर कराल." ती फरशीकडे वळली. "आणि ह्यांचा दुसरा चहा?"

ती वेडी झाली नव्हती. तिला चांगलं माहीत होतं की दाजी काही बोलले नाहीत. मलाही माहीत होतं. पण मी विचारून बसलो होतो, आणि विचारल्यावर जे उत्तर येईल ते घेऊन गुपचूप निघायचं असतं, हे मला तिच्याच सासरी शिकवलं होतं. सासूबाईंशी मी कधी वाद घातला नव्हता. इथे कुणाशी घालणार?

जाताना ती म्हणाली, "येते हं." आणि मी तिच्या मागून गाडीकडे चालत आलो.

बॅगा परत तिसऱ्या मजल्यावर नेल्या. पहिली नेताना मला राग येत होता, दुसरी नेताना रडू येत होतं, तिसरी नेताना नुसता दम लागला. शेजारच्या म्हातारीनं दार उघडलं ते किल्ली हातात धरूनच, जणू दाराशीच उभी होती. ताई मला म्हणाली, "हिनं फ्रीज रिकामा करू दिला नव्हता मला. म्हणाली, राहू दे, बघू." म्हातारीनं माझ्या दंडावर थोपटलं. मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, रोज सकाळी दार वाजवा. रोज. तिनं ताईकडे बघितलं, मग मला म्हणाली, "मी वाजवते. आधीपासून वाजवते."

ताईनं घाईघाईनं दोन पोळ्या केल्या, बटाट्याची भाजी केली, डबा बांधून दिला. "विमानात तो कच्चा पालापाचोळा देतात." मी खाली आलो तर तीही कोट घालून मागे. "चल, वेशीपर्यंत येते."

"जिना परत चढायचा आहे तुला."

"चढते. रोज चढते. आता बघायचं बंद कर."

सीमेपाशी, त्या पेट्रोल पंपाच्या पुढे, बसथांब्यावर मी गाडी उभी केली. उतरताना मी दार धरलं, हात पुढे केला. तिनं माझा हात धरला आणि पायानं नीट अंदाज घेत उतरली, अगदी माझ्या व्हॅनमधल्या आज्या उतरतात तशी. मग लक्षात आलं असेल, हात सोडून सरळ उभी राहिली. मी पाया पडलो. या वेळी तिनं अडवलं नाही. तिच्या बुटांवर दफनभूमीतली ओली माती होती.

"मागे बघू नकोस," ती म्हणाली. "इथे ट्रॅफिकचा दंड लगेच करतात."

मी बघितलं नाही. आखेन, मग मोठा रस्ता, मग बेल्जियम. कधी आला कळलं नाही. लीएजच्या आसपास गाडी दोनदा बंद पडली, ती माझ्या चुकीनं. पाय क्लचवर होता की नाही त्याचं भान नव्हतं. एका ट्रकवाल्यानं माझ्या मागे ट्रक उभा करून दिवे लावले, मला बाजूला घेऊ दिलं आणि हात करून निघून गेला. त्या माणसाचं तोंडही मी पाहिलं नाही, पण त्याच्यामुळे मी जिवंत घरी आलो असं मला वाटतं.

विमानतळावर मी घरी फक्त एवढंच कळवलं की निघतोय. बाकी भेटल्यावर सांगायचं ठरवलं. टोरँटोला बाहेर आलो तर बायको आणि मुलगी दोघी. मुलीच्या हातात नवंकोरं विंटर जॅकेट, आत्यासाठी आणलेलं, अजून त्याला दुकानाचा टॅग. ती माझ्या मागे बघत होती.

"व्हेअर इज आत्या?"

"नाही आली."

"व्हॉट डू यू मीन? शी वॉज पॅक्ड!"

 बायकोनं मुलीच्या हातातून जॅकेट घेतलं आणि घडी करून स्वतःच्या हातावर टाकलं. पार्किंगमध्ये मी सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला तर म्हणाली, "आज मी चालवते. तुम्ही मागे बसा." मी मागे बसलो. आमच्या गाडीत मी मागे कधी बसलोच नव्हतो. हायवेला लागलो तसा फोन वाजला. ताई. तिच्याकडे रात्र झाली असणार.

"पोचलास?"

"पोचलो."

"जेवलास?"

"हो." डबा बॅगेत तसाच होता. उघडायला धीर झाला नव्हता.

"नीट सांग. पोळी खाल्लीस की नाही?"

"नाही खाल्ली, ताई."

"मग घरी गेल्यावर खा. गरम करून."  मागे तिच्या घरातला टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं, जिना जप, स्टुलावर चढू नकोस, म्हातारीला दार वाजवू दे. त्यातलं काहीच म्हणालो नाही.

"ताई," मी म्हटलं, "मी परत कधी येऊ?"

तिला वेळ लागला. मी थांबलो.

"मार्चमध्ये ये," ती म्हणाली. "थंडी कमी होते तेव्हा. आणि गाडी घेऊ नकोस. बसनंच फिरू आपण."

"बरं," मी म्हणालो.  दोघांनी फोन बराच वेळ तसाच धरून ठेवला. पुढे बायकोनं आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हळूच लेन बदलली.